जिवाणी कुठं सोडली?

विद्यापीठाला समाजाची आठवण झाली की समाजानं आधी एक प्रश्न विचारावा : काय न्यायला आलात? पुष्कळांना हे उद्धट वाटेल. शिकलेलं माणूस दारात आलं तर असलं काही विचारू नये, आत बोलवावं, चहा टाकावा, ही आपली रीत मलाही ठाऊक आहे. पण चहा देऊनही प्रश्न विचारता येतो. आणि तो विचारायची वेळ आता आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली प्रत्येक विद्यापीठाला समाजाकडं जायचं असतं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र कार्यालयं आहेत, आणि त्यांच्या पत्रकांत तीन शब्द हमखास असतात : शाश्वतता, वांशिक समता, सार्वजनिक आरोग्य. आपल्याकडंही हे वारं पोचलंय. 'वांशिक'च्या जागी 'सामाजिक' एवढाच काय तो फरक. आम्हा दिगंबरांत शाश्वत म्हटलं की सम्मेदशिखर आठवतं. कॉलेजात शाश्वत म्हटलं की गच्चीवरचे सोलर आणि पाच जूनला लावलेली रोपं. रोपं लावावीतच, माझी ना नाही. तिन्ही शब्दही चांगलेच आहेत. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. विद्यापीठ लोकांकडून जे घेऊन जातं, ते लोकांकडं परत येतं का?

आपल्या घरांत पाणी गाळायची रीत आहे. दुहेरी कापड, तेही जाड आणि स्वच्छ. पण नुसतं गाळलं की काम संपलं, असं आपल्या आज्या मानत नसत. कापडात जे सूक्ष्म जीव अडकतात, ती जिवाणी. ती गाळलेल्या पाण्यानंच हळू धुऊन, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर मुळीच नाही. ज्याचं घेतलं त्याला परत पोचवलं नाही तर ते गाळणं अर्धवट, आणि अर्धवट गाळण्यानं हिंसा टळत नाही, फक्त नजरेआड होते.

विद्यापीठाचं संशोधनही गाळणंच असतं. हजार घरांतून माहिती काढायची, ती गाळायची, आणि तळाशी जे उरेल त्याला ज्ञान म्हणायचं. त्या ज्ञानाचा शोधनिबंध होतो, निबंधाची पदवी होते, पदवीची बढती होते. विहिरीला काय मिळतं?

लहान मुलांचा आणि शिशाचा विषय घेते, कारण तो आईला कळतो. शिसं हा धातू मुलाच्या मेंदूवर घाला घालतो, आणि मुलासाठी त्याचं अमुक एक प्रमाण सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. अमेरिकेत घरांच्या रंगात पूर्वी शिसं असायचं. १९७८ मध्ये त्यावर बंदी आली, पण जुन्या घरांच्या भिंतींवरचा रंग तसाच राहिला. त्याचे पोपडे पडतात, धूळ होते, रांगणारं मूल ती धूळ बोटांनी तोंडात घालतं. अशा जुन्या, भाड्याच्या, पडक्या घरांत कोण राहतं? बाल्टिमोर शहरात अशा घरांत मुख्यत्वे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती.

१९९० च्या दशकात तिथं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न असलेल्या केनेडी क्रीगर संस्थेनं एक अभ्यास केला. शिसं काढायची कमी खर्चाची पद्धत शोधायची होती. काही घरांची दुरुस्ती थोडी, काहींची जास्त, अशी केली. त्या घरांत लहान मुलं असलेली कुटुंबं राहत होती किंवा राहायला आली. मग ठरावीक काळानं धूळ तपासायची आणि मुलांचं रक्त तपासायचं. कोणती दुरुस्ती किती उपयोगी पडली, ते त्या रक्तावरून कळणार होतं. म्हणजे घर मोजायची पट्टी कोणती, तर लेकराची शीर. दोन मुलांच्या कुटुंबांनी दावा लावला. धोक्याची पूर्ण आणि वेळेवर कल्पना दिली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संस्थेचं म्हणणं असं की हेतू चांगला होता, आणि दुरुस्ती झाल्यानं घरं आधीपेक्षा सुधारलीच होती. २००१ मध्ये मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं या अभ्यासावर कडक ताशेरे ओढले आणि त्याची तुलना टस्कीगीच्या प्रकरणाशी केली. टस्कीगी म्हणजे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना औषध न देता, रोग कसा वाढतो ते सरकारी डॉक्टर बघत बसले, ते प्रकरण.

बाल्टिमोरचे संशोधक दुष्ट होते, असं मी म्हणत नाही. त्यांना गरिबांच्या घरांसाठी स्वस्त उपाय हवा होता, आणि तो हवाच होता. पण हाच अभ्यास प्राध्यापकांच्या स्वतःच्या वसाहतीत, त्यांच्या स्वतःच्या नातवंडांवर झाला असता का? समतेचा अर्थ मला एवढाच कळतो. जी जोखीम आपल्या मुलावर घेणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलावर टाकायची नाही.

आता दुसरं शहर. मिशिगन राज्यातलं फ्लिंट. वस्ती लाखभर, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, गरिबी भरपूर. शहराचा कारभार राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातात गेला होता. पैसे वाचवायचे म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटकडून येणारं सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी नळांना सोडलं. नदीचं पाणी नळ खाणारं होतं. नळाच्या आतून थर धरणारं रसायन त्यात घालतात, ते घातलं नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं.

बायकांना ते आधी कळलं. कळणारच. पाणी भरतं कोण, लेकरांना अंघोळ घालतं कोण? रंग बदलला, वास बदलला, अंगावर पुरळ उठलं, केस गळायला लागले. माणसं पिवळट पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेली. पाणी ठीक आहे, असं उत्तर मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण त्यानं इंजिनाचे भाग गंजत होते. लोखंडाची तक्रार ताबडतोब ऐकली गेली. पुढच्या जानेवारीत राज्याच्या स्वतःच्या कचेरीत कर्मचाऱ्यांसाठी बाटलीबंद पाणी आलं. लोकांना मात्र तेच पाणी, वर त्याचं बिल.

लीअॅन वॉल्टर्स नावाच्या चार मुलांच्या आईनं पाठपुरावा सोडला नाही. तिच्या नळाच्या पाण्यात पहिल्या तपासणीत शिसं निघालं १०४. सरकारी मर्यादा १५. ही मोजणी पाण्याच्या एक अब्ज भागांत शिशाचे किती भाग, अशी असते. तिनं पाण्याचं शास्त्र स्वतः वाचून काढलं आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांना गाठलं. त्यांनी तपासलेल्या तिच्या पाण्यात शिशाचा आकडा एका नमुन्यात १३ हजारांच्या वर गेला. मग विद्यापीठानं बाटल्या पाठवल्या, फ्लिंटच्या लोकांनी त्या घरोघर वाटल्या, नीट भरून घेतल्या, आणि अडीचशेहून अधिक घरांचं पाणी तपासून झालं. सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अतीशा या बालरोगतज्ज्ञ बाईनं मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे जाहीर केले. ती मूळच्या इराकी कुटुंबातली, फ्लिंटमध्ये मुलं तपासणारी आणि मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकवणारी. पाणी बदलल्यापासून रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. सरकारी माणसांनी आधी तिलाच खोटं पाडलं. तीन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, शहराला डेट्रॉइटचं पाणी परत मिळालं. २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगानं लिहून ठेवलं, की या घटनेच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे.

वॉल्टर्स स्वतः गोरी आहे, हेही सांगायला हवं. त्याच सभांना कृष्णवर्णीय बायाही बाटल्या घेऊन गेल्या होत्या. ऐकणाऱ्यांना जाग यायला दीड वर्ष लागलं.

ही गोष्ट विद्यापीठांच्या कौतुकाची म्हणून सांगतात, आणि कौतुक आहेच. पण पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. २०१८ मध्ये फ्लिंटच्या काही रहिवाशांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याच एडवर्ड्स यांच्याविरुद्ध जाहीर पत्र काढलं. आमच्या वतीनं तुम्ही बोलता, आमची लढाई तुमची म्हणून सांगता, असा त्या तक्रारीचा रोख होता. त्यांनी उलट तिघांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०१९ मध्ये न्यायालयानं तो काढून टाकला. कोण किती खरं, याचा निवाडा मी इथं बसून करणार नाही. मला एवढंच दिसतं, की पाणी तपासून देणाऱ्या चांगल्या माणसालाही, हा शोध कुणाचा, या प्रश्नावर लोकांशी भांडावं लागलं. कारण बाटली भरणाऱ्या हातांना आपण मदतनीस समजतो. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो : वस्तूला अनेक बाजू, एकाच बाजूनं बघणाऱ्याला पूर्ण वस्तू दिसत नाही. प्रयोगशाळेतून दिसतं ती पाण्याची एक बाजू. मोरीत उभं राहून दिसते ती दुसरी. पहिलीला ज्ञान आणि दुसरीला कुरकुर म्हणायचं, हा कुठला न्याय?

यावर तीन आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते आमच्याच बैठकीत झाले.

पहिला : शास्त्र शास्त्रज्ञांनी करावं, बायकांना त्यातलं काय कळतं? याला उत्तर अमेरिकेतून आणायची गरज नाही, आपल्या शेजारीच आहे. हुबळी-धारवाडला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं आणि बाकी गावाला काही दिवसांआडच येत राहिलं. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथं दोन्हीकडचं पाणी तपासलं. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात जंतू जास्त सापडले, आणि नळाला पाणी परत येतं तेव्हाचं पहिलं पाणी विशेष वाईट, असं त्यांना दिसलं. चांगला अभ्यास. पण सीमाभागातली कुठली बाई नळ आल्याबरोबर घागर लावते? पहिलं पाणी अंगणात, झाडांना, नाहीतर संडासाच्या बादलीत. हे आम्हाला सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. शास्त्रानं ते मोजून दिलं, ही त्याची कमाई. आधी कुणाला माहीत होतं, तेही निबंधात चार ओळींत लिहायला हरकत नसावी.

त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढं आली. चोवीस तास पाण्यानं सगळ्या मुलांच्या साध्या जुलाबांत फार फरक दिसला नाही, पण गरीब घरांतल्या मुलांत रक्ताची आव कमी आढळली. ज्यांच्या घरी टाकी आहे, फिल्टर आहे, गॅस आहे, त्यांनी आपली सोय आधीच करून घेतलेली असते. चांगल्या नळाचा खरा उपयोग ज्यांच्याकडं यातलं काही नाही त्यांना. म्हणून पाण्याचा प्रश्न विचारला की समतेचा प्रश्न आपोआप निघतो.

दुसरा आक्षेप : वंशाचा प्रश्न अमेरिकेचा, आपला त्याच्याशी काय संबंध? महात्मा फुल्यांना असं वाटलं नव्हतं. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. आणि पाण्याचं म्हणाल तर चवदार तळं महाडला आहे, मिशिगनात नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी हजारो माणसांना घेऊन चालत जावं लागलं. कुठल्या गल्लीला पाणी शेवटी पोचतं, गटाराच्या कडेनं कुणाचा नळ जातो, व्हॉल्व्ह कुणासाठी आधी उघडतो, याचा नकाशा आपल्या कुठल्याही गावात काढा आणि त्यावर जाती लिहा. मग सांगा संबंध काय.

तिसरा आक्षेप जास्त मऊ आहे, म्हणून जास्त फसवा : माहिती दिली तर आपलं काय जातं, कधीतरी कुणाचं तरी भलं होईल. आमच्या भागात एका कॉलेजची मुलं-मुली आली होती. गुणी पोरं. उन्हातान्हात घरोघर फिरली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, कुटुंबाचं उत्पन्न, आजार, संडास, सगळं लिहून घेतलं. आमच्या श्राविका मंडळानं दारं उघडून दिली, कारण ओळखीची बाई सोबत असली की घरं बोलतात. त्या बाटल्यांत काय निघालं, ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. कदाचित चांगलंच निघालं असेल. पण वाईट निघालं असेल, तर आमच्या मागच्या गल्लीतली पोरं तेच पाणी पितायत, आणि कुणाच्या तरी कपाटात ते लिहिलेलं आहे. 'आपलं काय जातं' याचं उत्तर हे. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना फॉर्म भरायला शिकवलं, परत यायला शिकवलं नाही.

परत येणं शक्य असतं का? असतं. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या तरुण कृष्णवर्णीय विद्वानाला फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा अभ्यास करायला बोलावलं. शिकवायला वर्ग दिला नाही, नाव मात्र विद्यापीठाचं. तो बायकोला घेऊन त्याच वस्तीत राहिला, जवळपास अडीच हजार घरांत स्वतः गेला. १८९९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, आणि त्यात त्यानं मांडलं की कृष्णवर्णीय माणसं जास्त मरतात त्याचं कारण त्यांच्या रक्तात नसून त्यांच्या घरात, कामात, मजुरीत आहे. ज्या माणसांबद्दल लिहायचं त्यांच्या जिन्यानं रोज चढ-उतर केल्यावर लेखणी वेगळी चालते. आणि खुद्द फ्लिंटमध्ये लोकसंघटनांनी आपलं स्वतःचं एक मंडळ उभं केलं आहे. वस्तीत संशोधन करायचं तर त्याची नीती हे लोकांचं मंडळ तपासतं. विद्यापीठाची समिती विद्यापीठात, लोकांची समिती लोकांत. यात अवघड काय आहे?

आता आपल्याबद्दल बोलते, आणि हे गोड लागणार नाही. पाणी गाळून पिणारा समाज म्हणून आपण अभिमानानं सांगतो. पण शिसं कापडात अडकत नाही, फ्लोराइड अडकत नाही, गल्लीच्या टोकाला नळात शिरलेलं गटार अडकत नाही. ज्यांना परवडलं त्यांनी मशीन बसवलं आणि पाण्याचा प्रश्न आपल्यापुरता मिटवला. घरी भांडी घासायला येणारी बाई कुठलं पाणी पिते, हे आपल्यातल्या कितीजणींना सांगता येईल? थेंबातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी कापड दुहेरी करणाऱ्या बायांना, दिसणाऱ्या, रडणाऱ्या, जुलाबानं सुकलेल्या लेकरासाठी एक अर्ज लिहायला काय झालं? अहिंसा फक्त सूक्ष्म जिवांपुरती ठेवली तर ती सोयीची होते, आणि सोयीच्या गोष्टीला आपल्यात व्रत म्हणत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. पर्व संपलं की क्षमावाणीला आपण सगळ्या बस्तीत जमतोच. त्या दिवशी मंडळाच्या वहीत चार प्रश्न लिहून ठेवू या, आणि पुढं कुणीही फॉर्म घेऊन दारात आलं की पेन हातात घ्यायच्या आधी ते विचारू या.

एक, हा प्रश्न तुम्हाला पडला की आम्हाला? आम्हाला पडलेलाही एखादा तुमच्या फॉर्मात घालाल का?

दोन, तपासणीत धोक्याचं काही निघालं तर किती दिवसांत सांगणार? निबंध छापून येईपर्यंत थांबणार असाल तर बाटली भरून मिळणार नाही.

तीन, निकाल कुठल्या भाषेत देणार? कन्नड की मराठी, यावर भांडायला आपल्याकडं माणसं पुष्कळ आहेत. दोन्हींत द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बस्तीत, मशिदीत, समाजमंदिरात येऊन तोंडी सांगा.

चार, ज्या गल्लीत पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं तिथं गेला होतात का? नसाल तर आधी तिथं जाऊन या. रस्ता आम्ही दाखवतो.

चारही उत्तरं पटली तर दार उघडायचं, पोरांना सरबत द्यायचं, मंडळाच्या दोघीजणी सोबत पाठवायच्या, आणि तारीख लिहून घ्यायची. त्या तारखेला निकाल आला नाही तर कॉलेजच्या फाटकाशी आपण जायचं, वही घेऊन, पंचवीस-तीसजणींनी. विहीर कुणाची आहे, हे तिथं शांतपणे सांगायचं आणि आपली जिवाणी मागून घ्यायची.